परक्या मातीचे देणे

गेल्या नाताळच्या आधी इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्यावर तो म्हणाला, "ताई, फराळाचे पार्सल पाठवशील ना, त्यात दोन मुठी वाल टाक. आईचे वाल. नेवऱ्यांच्या डब्यात तळाशी ठेवलेस तर कुणाच्या लक्षातही यायचे नाही." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मागणी अगदी साधी होती. तरी पुढचे कित्येक दिवस ती माझ्या मनात सलत राहिली आणि तिच्यातून एक प्रश्न हळूहळू वर आला. परक्या भूमीत जाऊन राहणाऱ्या माणसाने त्या मातीत आपले बी पेरावे का? आणि पेरावे, तर त्या मातीचे तो काय देणे लागतो?

हा प्रश्न जसा भावाचा आहे तसाच माझाही आहे. मी मूळची वसईची. १९८४ साली शिक्षिकेच्या नोकरीवर भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात, सानगडीला आले आणि इथेच राहिले. निघताना आईने माझ्या रुमालाच्या टोकाला आमच्या वाडीतले मूठभर वाल बांधून दिले होते. ते मी इथल्या घरामागच्या सांदवाडीत लावले. पुढे १९९८ साली भाऊ इंग्लंडला निघाला, तेव्हा आईने त्यालाही तसाच रुमाल दिला. एकाच वेलाची दोन टोके अशी दोन दिशांना गेली.

सानगडीतल्या पहिल्या पावसाळ्यात मला सगळेच परके वाटले होते. धानाच्या बांध्या, जुना किल्ला, तलाव, लोकांची झाडी बोली. मग एके दिवशी शेजारच्या काकूंनी तरोट्याची कोवळी पाने खुडून आणली आणि मी चकितच झाले. तो तर आमचा टाकळा! आमची कर्टोली इथे काटवल झाली होती, चवळी बरबटी झाली होती, दुधी लवकी झाला होता. झाडे ओळखीची होती, नावे तेवढी मला शिकायची होती. मी ती शिकले. परकेपणाचा पहिला पडदा भाजीच्या टोपलीने दूर केला, असे मी आजही मानते.

भावाची गोष्ट इतकी सोपी नव्हती. तो राहतो त्या लेस्टर शहरात घरामागे जागा थोडी, म्हणून त्याने नगरपालिकेकडे भाडेपट्ट्याने मिळणाऱ्या भाजीच्या तुकड्यासाठी नाव नोंदवले. तिकडे याला 'अलॉटमेंट' म्हणतात. त्यामागे मोठा इतिहास आहे. इंग्लंडमधली गावोगावची सामाईक कुरणे आणि पडीक जमिनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कायदे करून कुंपणात घालण्यात आल्या. ज्या गरिबांची शेळी-गाय तिथे चरत असे, जे तिथून सरपण आणत, त्यांच्या हाती काही उरले नाही. त्या अन्यायाची अल्पशी भरपाई म्हणून मजुरांना भाजीपाल्यापुरते तुकडे देण्याची प्रथा वाढली. १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तिथे असे तुकडे उपलब्ध करून देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. दुसऱ्या महायुद्धात अन्न आणणारी जहाजे बुडू लागली, तेव्हा याच तुकड्यांनी लाखो कुटुंबांच्या ताटात भाजी पुरवली.

अशा पूर्ण तुकड्याचे पारंपरिक माप आपल्या हिशेबाने बरोबर अडीच गुंठे भरते. जमीन नगरपालिकेची, भाडे वर्षाचे. पीक मुख्यतः आपल्या कुटुंबाच्या पोटासाठी काढायचे. आणि सर्वांत महत्त्वाची अट ही की जमीन कसत राहायची. तण माजू दिले, तुकडा ओसाड टाकला, तर नोटीस येते आणि तो रांगेतल्या पुढच्या माणसाला दिला जातो. तिथे कुणाला 'माझी जमीन' म्हणता येत नाही. 'माझ्याकडे असलेली जमीन' एवढेच म्हणता येते. लेवीय ग्रंथात परमेश्वराने इस्राएली लोकांना भूमी देताना हेच बजावले होते. भूमी त्याची आहे आणि आपण तिच्यावर त्याचे पाहुणे व कुळे आहोत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रातही पृथ्वी ही प्रत्येक पिढीकडे उसनी आलेली आहे आणि ती पुढच्या पिढीच्या हाती द्यायची आहे, या विचाराची आठवण करून दिली. विश्वपत्रातला हा विचार लेस्टरच्या नगरपालिकेने भाडेपावतीवरच छापून ठेवला आहे, असे भाऊ थट्टेने म्हणतो. त्या थट्टेत तथ्य आहे.

त्या अडीच गुंठ्यांत भावाने पहिल्या वर्षी काय लावले? अर्थात, आईच्या हातचे जे जे आठवले ते सारे. मेथी आणि कोथिंबीर उत्तम आली, पण उन्हाळ्याच्या लांबलचक दिवसांत लवकर फुलोऱ्यावर गेली. मग ती वसंतात किंवा उन्हाळा सरताना पेरायची, हे कळले. माठ आणि मोहरी यांनी निराश केले नाही. दुधीची रोपे काचघरात वाढवून मेच्या मध्यानंतर, हिमाची भीती सरल्यावर बाहेर लावावी लागली. दुधीचे पांढरे फूल उमलते संध्याकाळी. जुलैत तिथे सूर्य मावळतो रात्री नऊ-साडेनऊला. तेव्हा हा गृहस्थ हातात विजेरी घेऊन नरफुलाचा पराग मादीफुलाला लावत उभा! एवढे करून जी चार फळे मिळाली त्यांची छायाचित्रे सगळ्या नातेवाइकांना गेली.

आणि वाल? वालाचा वेल मांडवावर असा चढला की आईने दृष्ट काढली असती. पाने हिरवीगार, वेल दांडगा, पण फूल नाही. जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. सप्टेंबरच्या अखेरीस पहिले तुरे दिसले आणि शेंग धरायच्या आत थंडीने वेल काळा पडला. आमच्या जुन्या वाणाचा वाल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाही. कोकणात भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर तो पेरतात, तेव्हा दिवस लहानच असतात. लेस्टरला जूनमध्ये सोळा तासांहून अधिक उजेड. बिचारा वेल दिवस लहान होण्याची वाट पाहत राही आणि ते लहान होईपर्यंत हिवाळा दाराशी येई. दिवसाच्या लांबीला न जुमानणारे वालाचे वाण आता संशोधकांनी तयार केले आहेत. मी ते सुचवले, तर भाऊ म्हणाला, "ते आईचे नाहीत."

त्याचे हे वाक्य ऐकून मला अरण्यातले इस्राएली लोक आठवले. गुलामगिरीतून सुटलेले ते लोक मिसर देशातल्या काकड्या, कलिंगडे, कांदे नि लसूण आठवून रडत बसले होते. जिभेची आठवण अशी विलक्षण असते. तिला गुलामगिरी आठवत नाही, लसूण तेवढा आठवतो. म्हणून ती आठवण खोटी ठरत नाही. परंतु समोर पडलेला मान्ना जर तिच्यामुळे बेचव लागू लागला, तर मात्र सावध व्हावे.

याहून गंभीर गोष्ट पुढच्या वर्षी घडली. भावाने दुधी आणि वालासाठी आमच्या वाडीत असे तसा डोक्याहून उंच मांडव घातला, तोही तुकड्याच्या उत्तर कडेला, शेजाऱ्याच्या बांधाला लागून. शेजारी एक वृद्ध इंग्रज गृहस्थ. त्यांच्या स्ट्रॉबेरीचे वाफे अगदी पलीकडे होते. ते काही बोलले नाहीत. हंगाम संपताना एकदा सहज म्हणावे तसे म्हणाले की, यंदा फळे पिकलीच नाहीत. भावाने वळून पाहिले, तर त्याच्या मांडवाची लांबच लांब सावली त्या वाफ्यांवर पसरली होती.

ही गोष्ट ऐकल्यापासून मी तिचा पुष्कळ विचार केला आहे. सानगडीला किंवा वसईला उन्हाळा-पावसाळ्यात सूर्य माथ्यावर असतो, त्यामुळे मांडवाची सावली दुपारी मांडवाखालीच पडते. लेस्टरला सूर्य भर उन्हाळ्यातही दक्षिणेकडे कललेला. तिथे मांडवाची सावली उत्तरेकडे, शेजाऱ्याच्या अंगणात जाते. भावाने कुणाचे वाईट चिंतले नव्हते. त्याने फक्त घरी जे निर्दोष होते ते तसेच उचलून परक्या आकाशाखाली उभे केले. स्थलांतर करणाऱ्याचा नैतिक प्रश्न इथे सुरू होतो, असे मला वाटते. आपला हेतू शुद्ध आहे एवढे पुरत नाही. आपली सावली कुठे पडते, हेही पाहावे लागते.

पुढच्या हंगामात भावाने मांडव हलवला आणि अशा जागी घातला की त्याची सावली सामाईक पायवाटेवर पडावी. शेजाऱ्याकडे जाऊन क्षमा मागितली. त्या गृहस्थांनी त्याला 'लीक' या कांद्याच्या भावंडाची रोपे दिली आणि त्यांना माती कशी चढवायची ते शिकवले. भावाने त्यांना मेथीची जुडी दिली. आता ते मेथी-बटाट्याची भाजी करतात, म्हणे. त्यांच्या वाफ्यातल्या लाल फुलांच्या उंच शेंगवेली, ज्या इंग्रज माणसाला अगदी आपल्या वाटतात, त्याही मूळच्या मेक्सिको-मध्य अमेरिकेकडच्या. सतराव्या शतकात त्या इंग्लंडात आल्या, त्या आधी निव्वळ फुलांच्या शोभेसाठी. बटाटा दक्षिण अमेरिकेचा. दोघे शेजारी शेजारी बसून परदेशी भाज्या निवडत होते, फक्त एकाच्या भाज्या आधी आल्या होत्या, इतकेच.

पवित्र शास्त्रात मला दोन भाजीचे मळे दिसतात. पहिला राजा अहाबाचा. राजवाड्याशेजारी नाबोथाचा द्राक्षमळा होता आणि राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. भाजी लावण्याची इच्छा काही पाप नव्हे. राजाने मोबदलाही देऊ केला होता. पण नाबोथाने पूर्वजांची वतनभूमी देण्यास नकार दिला, तेव्हा ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमाराने मारवले. त्या मळ्यात पुढे भाजी पिकली की नाही हे शास्त्र सांगत नाही. एलिया संदेष्टा तिथे राजाला गाठतो आणि रक्ताचा जाब विचारतो, एवढेच सांगते.

दुसरा मळा बाबेलमधल्या हद्दपारांचा. जेरुसलेमहून बंदी करून नेलेल्या लोकांना दोन वर्षांत घरी परत जाल, असे गोड भविष्य सांगणारे होते. यिर्मयाने मात्र पत्र लिहून कळवले की, घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे कल्याण चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या नगरासाठी प्रार्थना! बाग लावण्याची आज्ञा आणि नगराच्या भल्याची आज्ञा एकाच पत्रात आहेत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. परक्या मातीचे फळ खायची मोकळीक आहे, पण त्या मातीचे भले पाहण्याचे देणे तिच्याबरोबरच येते.

हा हिशेब सानगडीच्या परिसरालाही लागू पडतो. हा तलावांचा जिल्हा. हे तलाव प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधले. गोंड राजांनी त्यांना काशीकडून आणले, त्यांनी ऊस आणला, आणि तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन अशी रीत पडली, असे परंपरा सांगते. नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानतात. कोहळी इथे परके म्हणून आले असतील, पण आज त्यांच्याविना या भूमीची कल्पना करता येत नाही. त्यांनी इथले पाणी अडवले आणि ते शेजाऱ्यांच्या बांध्यांतही पोचले.

आता वनस्पतींकडे पाहा. मिरची अमेरिकेची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेली. पवनीच्या शेजारच्या भिवापूरची मिरची आज त्या गावाच्या नावाने भौगोलिक मानांकन मिरवते. गाजर गवतही अमेरिकेचेच. १९५० च्या दशकात ते पुण्यात आढळले आणि आज शेतकरी त्याला शिव्या घालतात. आमच्या तलावांच्या काठांवर माजलेली बेशरमही अमेरिकेचीच. तिने तलावातल्या मूळ पाणवनस्पतींची जागा बळकावली आणि माशांना आसरा उरला नाही. तेव्हा या भागातले ढिवर बांधव आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी पाण्यात उतरून ती उपटली व स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. तिघींचेही मूळ समुद्रापलीकडचे. एकीला आपण घरची मानले, दोघींना हाकलू पाहतो. का? कूळ विचारून आपण हा निवाडा केलेला नाही. मिरचीने शेजारच्या वांग्याला जागा ठेवली. बेशरमेने कुणालाच ठेवली नाही.

आपल्या श्रद्धेलाही कुणीकुणी परदेशी रोप म्हणतात. आपण लगेच दुखावतो आणि आपली प्राचीनता सिद्ध करू लागतो. मला वाटते, यापेक्षा दुसरे उत्तर अधिक बरे. आपण इथे शेजाऱ्याला जागा ठेवली का, आपली सावली कुणाच्या वाफ्यावर पडते का, हे आपणच तपासावे. मिरचीला कधी आपल्या मूळस्थानाचा दाखला द्यावा लागलेला नाही.

हे लिहिताना एक कबुली दिलीच पाहिजे. ज्या वाडीतले हे वाल, ती वाडी आता नाही. आईच्या पश्चात आम्ही भावंडांनी ती विकली. तिथे आज इमारत उभी आहे. राजाने मोबदला देऊ करूनही नाबोथाने वतन दिले नाही. आम्हांला कुणी धमकावले नव्हते. चांगला भाव आला होता, आणि सही करताना माझा हात थरथरला नाही. हिरव्या वसईसाठी लोक रस्त्यावर उतरले, त्या दिवसांचा अभिमान मी वर्गात मुलांना सांगत असे. म्हणून भाऊ 'आईचे वाल' म्हणतो तेव्हा मला त्यात प्रेमाबरोबर अपराधाचाही सूर ऐकू येतो, त्याच्या आवाजात आणि माझ्या मनात. जी माती आपण हातची घालवली, तिचे बी तरी कुठेतरी उगवावे, अशी ही धडपड आहे.

याच भावनेने मी वालाची बरणी खाली काढली. राखेत ठेवलेले दाणे ताटात ओतले. चार-पाच दाण्यांना बारीक गोल भोके पडलेली दिसली. वरून ठणठणीत दिसणाऱ्या आणखी काहींच्या आत काय असेल, कोण जाणे. मी तशीच बसून राहिले. हेच दाणे नेवऱ्यांच्या तळाशी लपून समुद्रापार जाणार होते.

भारतातून ब्रिटनमध्ये लावण्यासाठी बी पाठवायचे तर रीतसर तपासणी होऊन वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. मला आधी हा नियम म्हणजे आईच्या रुमालावर बसलेली जकात वाटली होती. पण अशा नियमांमागे मोठे दुःख आहे. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पसरला. तो रोग अमेरिका खंडातून आला होता. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी गेली आणि तितक्याच लोकांनी देश सोडला. त्यांतले बहुसंख्य आपल्याच धर्माचे, बटाट्यावरच जगणारे गरीब. रोग नेणाऱ्याच्या मनात पाप असायची गरज नसते. भावाचा मांडव आणि माझी बरणी, दोन्हींचा धडा एकच होता.

मी भावाला फोन करून नाही म्हणाले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, तिथे शेंग धरत नाही हे मला ठाऊक आहे. तरी लावतो." मी म्हणाले, लाव, पण चोरून नको. यंदाचे पीक नीट वाळवून, निवडून, तपासणी करून मी प्रमाणपत्रासह पाठवीन. खर्च येईल, वेळ लागेल. तोवर तू तुझ्या शेजाऱ्याच्या शेंगवेली लाव. तो हसला. म्हणाला, त्या शेंगा ओल्या खोबऱ्यात केल्या तर बऱ्या लागतात.

एक गोष्ट मला त्या दिवशी स्पष्ट कळली. हा वाल लेस्टरला तगणार नाही. वसईत त्याची जागा उरली नाही. तो जगायचा असेल तर सानगडीतच जगेल, आणि तोही माझ्या एकटीच्या बरणीत नव्हे. बी कोंडून ठेवले की त्याला भुंगा लागतो, वाटले की ते टिकते. मी चांगले दाणे निवडले आणि गल्लीतल्या चार घरी मूठमूठ देऊन आले. शेजारच्या काकू आता थकल्या आहेत. त्यांच्या सुनेने दाणे पदरात घेतले आणि सासूला ओरडून सांगितले, "आई, बाईंचा वाल आला!"

आईचा वाल माझ्याकडे चाळीस वर्षे होता. या गावाने त्याला केव्हाच 'बाईंचा वाल' असे नाव दिले होते, आणि ते मला त्या दिवशी प्रथमच ऐकू आले.